घोंगडीचं देणं

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या सोसायटीत सहलीचे बेत शिजू लागतात. कधी महाबळेश्वर, कधी अलिबाग. गेल्या वर्षी मात्र सहा कुटुंबांनी मिळून ठरवलं, की डिसेंबरातला एक रविवार डोंगरात काढायचा. नाणेघाट आणि जीवधन किल्ला. आठवीतली माझी नात उड्या मारतच ही बातमी घेऊन आली. ‘‘आजोबा, तुम्ही जुन्नरला होता ना? जीवधन कसा आहे हो?’’

मी वर्तमानपत्राची घडी घातली आणि तिला तीन प्रश्न विचारले. वाट माहीत असलेला माणूस बरोबर कोण आहे? गड किती वाजता सोडायचा ठरलंय? आणि तुम्ही वेळेवर उतरला नाहीत, तर ते ज्याला कळेल असा माणूस खाली कोण आहे?

नात गोंधळली. चिरंजीव हसले. म्हणाले, ‘‘बाबा, आम्ही ट्रेकला चाललोय, कर्ज मागायला नाही.’’

सगळं आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाला असले टोमणे नवे नसतात. मी गप्प बसलो असतो. पण सौ. हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘जाऊ द्या त्यांना खुशाल. पण आधी तुम्ही एकदा जाऊन या. ती घोंगडी अजून माळ्यावरच आहे.’’

त्या घोंगडीची हकीकत सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही.

१९८७ च्या जानेवारीतली गोष्ट. मी जुन्नरच्या शाखेत अधिकारी होतो. बायको, तीन वर्षांचा मुलगा, दोन ट्रंका आणि एक स्टोव्ह एवढा आमचा संसार. घराच्या खिडकीतून शिवनेरी दिसायचा. शाखेत आम्ही पाच-सहाजण तिशीच्या आतबाहेरचे होतो आणि रविवार कसा घालवायचा हा आमच्यापुढचा मोठाच प्रश्न होता. त्या काळी डोंगरात जाणाऱ्याला खेड्यातले लोक दोनच प्रश्न विचारत. जाताना, ‘‘नवस हाय का?’’ आणि येताना, ‘‘काय घावलं का?’’ पुण्या-मुंबईत गिर्यारोहणाच्या संस्था होत्या. पुण्याची ‘गिरिप्रेमी’ १९८२ साली सुरू झालेली. हरीश कपाडियांचं सह्याद्रीवरचं इंग्रजी पुस्तक त्याच्याही आधी, १९७७ साली आलेलं. पण आमच्याजवळ यातलं काही नव्हतं. गो. नी. दांडेकर वाचून अंगात आलेला जोर तेवढा होता.

जुन्नरहून पश्चिमेला आपटाळ्यावरून घाटघरला जायला तीसेक किलोमीटर पडतात. वाटेत चावंड दिसतो, कुकडेश्वराच्या देवळाकडे फाटा जातो, आणि मग जमीन संपते. खाली कोकण. त्या कड्याच्या काठावर नाणेघाट, आणि त्याचा पहारेकरी म्हणून उभा जीवधन. १८१८ साली इंग्रजांनी हे किल्ले घेतले तेव्हा पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. त्यामुळे घाटघरच्या बाजूने चढताना मधला एक टप्पा उघड्या कातळाचा लागतो. दगडातल्या खोबणीत बोटं अडकवायची आणि वर सरकायचं. चढताना त्याचं काही वाटत नाही. डोंगराचा हाच कावा आहे. तो चढणाऱ्याला आत घेतो आणि उतरणाऱ्याची परीक्षा पाहतो.

आम्ही सकाळी पोह्यांच्या नादात उशिरा निघालो. अकराला घाटघरात, दोनला माथ्यावर. दगडी धान्यकोठार पाहिलं, वानरलिंगीचा सुळका पाहिला, भाकऱ्या सोडल्या, पत्त्यांचे दोन डाव झाले. गड उतरायला लागलो तेव्हा पावणेपाच होऊन गेले होते. कातळाच्या वरच्या उतारावर वाळलेलं गवत होतं. पावसाळ्यात चिखलावरून माणूस जपून चालतो. हिवाळ्यात वाट कोरडी दिसते म्हणून तो बेफिकीर होतो, आणि वाळलं गवत तेलासारखं निसटतं. आमच्या कॅशियरचा पाय सरकला. तो दोन पुरुष खाली जाऊन एका झुडपाला अडकला. जीव वाचला, पण घोटा मोडला. हाड बाहेरून कळत होतं.

सव्वासहाला सूर्य बुडाला. पाठोपाठ थंडी आली. कड्यावरच्या वाऱ्याला घड्याळ कळतं की काय कोण जाणे! आमच्यातले दोघं त्याच्यापाशी थांबले. बाकीचे मदत आणायला निघालो आणि अर्ध्या तासात वाट चुकलो. एकच बॅटरी, तीही मिणमिणती. शेवटी खाली एका वाडीत शेकोटी दिसली. तिच्या रोखाने खरचटत, धडपडत आम्ही जाऊन पोचलो.

शेकोटीभोवती चार माणसं बसली होती. महादेव कोळी. आम्ही धापा टाकत काय सांगितलं ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांच्यातला वयस्क होता त्याने अंगावरची घोंगडी नीट केली, कंदील घेतला, गोठ्यातला कासरा काढला आणि म्हणाला, ‘‘चला.’’

पुढचे पाच तास मी आजही विसरू शकत नाही. कातळाच्या टप्प्यावर एका धिप्पाड गड्याने कॅशियरला पाठुंगळी घेतलं, उपरण्याने बांधलं. कासरा त्याच्या कमरेला. वर दोघं पाय रोवून बसले आणि दोर वीत वीत सोडत राहिले. आज याला बिले म्हणतात आणि त्याचं शास्त्रशुद्ध शिक्षण घ्यावं लागतं. ते लोक विहिरीत उतरलेलं जनावर काढताना हेच करत. कातळ संपल्यावर घोंगडीची झोळी बांबूला बांधली आणि खांदे बदलत वाडीपर्यंत आणली. मध्यरात्र झाली होती. कोरा चहा मिळाला. पहाटे जीप मिळाली. पेशंटला त्याच घोंगडीत गुंडाळून आम्ही जुन्नरला आणलं.

निघताना मी खिशातून नोटा काढल्या. म्हाताऱ्याने हात मागे घेतला. ‘‘सायेब, डोंगरात मानूस अडाकला, त्याची काय मजुरी घ्याची?’’ मी म्हणालो, ‘‘मग पुढच्या रविवारी येतो, तुमची घोंगडी घेऊन.’’ तो म्हणाला, ‘‘या.’’

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. मग मार्चअखेर आली. बँकेतल्या माणसाला मार्चअखेर हे एक कारण आयुष्यभर पुरतं. मे महिन्यात विदर्भात बदली झाली. धुऊन, वाळवून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली ती घोंगडी आमच्या ट्रंकेतून नऊ गावं फिरली. भिजत घोंगडं असं आपण एखाद्या रखडलेल्या कामाला म्हणतो. आमच्या घरात ते खरोखरीचं होतं. हजार-दोन हजारांच्या थकबाकीसाठी मी शेतकऱ्यांच्या दारात नोटिसा लावल्या आहेत. माझी स्वतःची थकबाकी मात्र माळ्यावर होती.

तर बायकोच्या सांगण्यावरून, जवळजवळ एकोणचाळीस वर्षांनी, घोंगडी पिशवीत घालून मी जुन्नरला गेलो.

आमच्या शाखेतल्या शिपायाचा मुलगा आता जुन्नरात हार्डवेअरचं दुकान चालवतो. तो मला ‘काका’ म्हणून ओळखत होता, पण त्याचं दुसरं काम मला ठाऊक नव्हतं. दुकानाच्या मागच्या खोलीत खिळ्यांच्या खोक्यांशेजारी दोरांची वेटोळी, हेल्मेटं, हार्नेस, कडी-कॅराबिनर आणि घडीचं स्ट्रेचर ठेवलेलं होतं. ‘‘हे विकायचं नाही, काका,’’ तो म्हणाला. डोंगरात अडकलेल्यांना काढणाऱ्या मुलांचा एक गट आहे, त्याचं हे कोठार. गटात एक प्राथमिक शिक्षक, एक मोबाइल दुरुस्त करणारा, एक परिचारिका, नारायणगावचा एक टोमॅटोचा व्यापारी आणि कड्याकाठच्या वाड्यांतले पाच-सात शेतकरी. पगार नाही, भत्ता नाही. पेट्रोल ज्याचं त्याने घालायचं.

असे गट आता सह्याद्रीत ठिकठिकाणी आहेत. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’चं नाव बहुतेकांना ठाऊक असतं. डोंगरात कुठेही अपघात झाला तर जवळच्या गटाला निरोप पोचावा म्हणून गिर्यारोहकांनी २०१६ साली ‘महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर’ उभं केलं. नाव इंग्रजी आणि लांबलचक असलं तरी काम साधं आहे. अडकलेल्याचा फोन आला की त्या डोंगराच्या जवळचे, दोर हाताळता येणारे हात कुठे आहेत ते शोधून काढायचं.

मी समजत होतो की या मुलांचं काम म्हणजे अपघात झाल्यावर धावणं. त्यांनी माझी समजूत काढली. धावण्याचं काम वर्षातून मोजक्या वेळा. खरं काम दसऱ्यानंतर सुरू होतं. पाऊस ओसरला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा डोंगरभटक्यांचा हंगाम. त्याआधी एकेक वाट चालून पाहायची. कुठे दरड आली, कुठे मुरूम सुटून घसारा झाला, कुठला कठडा हलतोय, कुठल्या कड्याला आग्या मोहोळ लागलंय. टाक्यांत पाणी किती आणि ते पिण्याजोगं आहे का. चावंडवर एका रांगेत सात टाकी आहेत, हडसरला, शिवनेरीला आहेत. त्यातलं कुठलं पाणी फेब्रुवारीपर्यंत टिकतं हे माहीत असणं दोराइतकंच मोलाचं. मग पायथ्याच्या चहावाल्याला, सरपंचाला, वनखात्याच्या चौकीला हे सगळं सांगायचं. सुटीच्या दिवशी दोघांनी पायथ्याला बसायचं. हातात एक साधी दोनशे पानी वही. कोण गेलं, किती गेले, कुठल्या वाटेने, उतरणार किती वाजता, एक फोन नंबर. उतरले की नावापुढे खूण.

वही पाहून माझ्यातला बँकवाला जागा झाला. मी पानं उलटली. प्रत्येक दिवसाखाली रेघ मारून, ‘सर्व उतरले’ असं लिहून सही केली होती. शाखेत संध्याकाळी रोकड जुळली की आम्ही अशीच सही करायचो आणि तोवर कुणी घरी जायचं नाही. ही मुलंही जात नाहीत.

‘‘हिवाळ्यात एवढं काय होतं?’’ असं मी विचारलं. परिचारिका बाई हसल्या. ‘‘पावसात लोक घाबरून असतात, काका. थंडीत सगळ्यांना वाटतं, आता काय, छान हवा आहे. दिवस लहान असतो हे कुणी ध्यानात घेत नाही. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य जातो. गडावरून सूर्यास्त पाहायचा म्हणजे काळोखात उतरायचं, एवढं साधं गणित लोक करत नाहीत.’’

मग त्यांनी आंबेगावच्या बाजूची हकीकत सांगितली. डिंभे धरणाच्या मागे डोंगर आत आत जात आहुप्याला पोचतो, आणि तिथून घाटवाटा कोकणात उतरतात. पलीकडे भीमाशंकर. शेकरूसाठी राखलेलं हे अभयारण्य १९८५ सालचं. झाडी इतकी दाट, की दुपारीही दिशा कळू नये. मोबाइलला रेंज मिळेल तर नशीब. अशाच एका संध्याकाळी तिघा मुलांचा फोन आला. वाट चुकलीय, पाण्याच्या ओहोळाने खाली उतरतोय, गावं दिसताहेत. फोनवरच्या शिक्षकाने पहिलं वाक्य सांगितलं, ‘‘आहात तिथेच बसा.’’ कारण सह्याद्रीतला ओहोळ हा धबधब्याचा रस्ता असतो. पावसाळ्यानंतर पाणी आटतं, पण तो शेदीडशे फुटांचा कडा तिथेच असतो. पाण्यामागून उतरणारा माणूस अशा जागी येतो, की खाली जाता येत नाही आणि वर चढता येत नाही. मुलं बसली. मोबाइल बंद ठेवला, दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं सुरू केला. रात्री एक वाजता गटाची माणसं पोचली, तेव्हा ती मुलं एकमेकांना मिठी मारून कुडकुडत होती. उतरायच्या जागेपासून कडा वीस पावलांवर होता.

‘‘एवढं झाल्यावर त्यांनी फोन वगैरे केला का नंतर?’’

‘‘एकाने फोटो पाठवला. आमच्याबरोबर काढलेला.’’

दुखावल्याचा सूर नव्हता. मलाच पिशवीतली घोंगडी जड वाटली.

या तालुक्यांना मदतीचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. एसटीचा चालक नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आला तर गावच दिसेना. त्याने जाऊन सांगितलं तेव्हा जगाला कळलं. १५१ माणसं गेली. मोठी यंत्रणा पोचेपर्यंत चिखल उपसणारे पहिले हात आसपासच्या वाड्यांतले होते. गटातल्या शेतकऱ्यांपैकी दोघं त्या दिवशी तिथे होते. ते त्याबद्दल फार बोलत नाहीत. पण सराव चुकवत नाहीत.

सराव म्हणजे काय तेही पाहिलं. स्ट्रेचरवर गटातलाच एकजण झोपतो. सहाजण उचलतात, सहाजण मोकळे चालतात, शंभर पावलांवर खांदेपालट. कातळावर स्ट्रेचर दोराने सोडायचं, आणि खाली जाणाऱ्याने सतत पेशंटशी बोलत राहायचं. ‘‘बोलणं का?’’ ‘‘माणूस भीतीने जास्त थंड पडतो,’’ बाई म्हणाल्या. १९८७ च्या त्या रात्री पाठुंगळी घेणारा गडी कॅशियरला सारखं विचारत होता, ‘‘सायेब, पोरं किती तुमाला? शाळंत जात्यात का?’’ आम्हाला वाटलं होतं, याला भलत्या वेळी चौकशा सुचतात!

माझा एक पुतण्या अमेरिकेत कोलोरॅडोत असतो. तिथे हिवाळा म्हणजे बर्फ. लोक रानातल्या बर्फावर घसरायला, चालायला जातात आणि हिमप्रपातात सापडतात. तिथेही सोडवायला जाणारे बहुतेक स्वयंसेवकच, आणि तेही पैसे घेत नाहीत. मात्र तिथे एक कार्ड मिळतं. रानात जाणाऱ्याने थोडे डॉलर भरून ते घ्यायचं. तो विमा नव्हे. त्यातून सोडवणाऱ्या गटांचा खर्च भरून निघतो. कार्ड नसलेल्यालाही सोडवतातच. पुतण्या दरवर्षी कार्ड घेतो. त्याला एकदाही मदत लागलेली नाही. ‘‘मग कशाला घेतोस?’’ असं मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, ‘‘काका, ते लोक रात्री जागे असतात म्हणून मी जाऊ शकतो ना.’’

आपल्याकडे डोंगर फुकट आहे आणि तो फुकटच असावा. पण तो सांभाळणाराही फुकट असं आपण गृहीत धरलं आहे. जुन्नर तालुका २०१८ मध्ये पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. २०२५ च्या जुलैत शिवनेरीचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आनंदाचीच गोष्ट. गर्दी वाढली, चार घरांना चहा-भाकरीचा धंदा मिळाला. त्याबरोबर ३१ डिसेंबरच्या रात्री कड्यावर तंबू आले, कर्णे आले, वाळल्या गवतात शेकोट्या आल्या. एक ठिणगी उडाली की डोंगर पेटतो आणि गुरांचा वर्षाचा चारा जातो. विझवायला तीच वाडीतली माणसं फांद्या घेऊन धावतात. आणि एखादा अपघात झाला, की सगळीकडून एकच मागणी येते, बंदी घाला.

मला वाटलं होतं, ही मुलं बंदीच्या बाजूची असतील. ती नव्हती. शिक्षक म्हणाले, ‘‘डोंगरात यायलाच हवं सर. पोरांनी तर यायलाच हवं. बंदी घातली की चहावाला उपाशी राहतो आणि हौशी पोरं चोरवाटेने जातात. मग तर आम्हाला ती गेल्याचंही कळत नाही.’’ जाणत्या माणसालाही डोंगर सवलत देत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. २०२० च्या जानेवारीत हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अरुण सावंत गेले. आयुष्य सह्याद्रीच्या कड्यांवर काढलेला माणूस. तेव्हा कुणाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांचं मागणं फार लहान आहे. वहीत नाव लिहा. वाडीतला माणूस वाटाड्या म्हणून घ्या आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. चारच्या आत गड सोडा. माणशी एक बॅटरी ठेवा. आणि थकलात म्हणून सोडवायला बोलावू नका, कारण त्याच वेळी दुसरीकडे कुणी खरोखर अडकलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते मला घाटघरला घेऊन गेले. आधी नाणेघाटात थांबलो. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञात कुणाला किती गाई दिल्या, किती घोडे, किती नाणी, याचे आकडे त्यात कोरले आहेत. देण्याचा हिशेब दगडावर! माझ्या धंद्यातला याहून जुना कागद मी पाहिलेला नाही. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. कोकणातून वर येणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्यात जकात टाकायची, आणि त्या बदल्यात वाट सुरक्षित ठेवायची जबाबदारी राजाची, अशी परंपरा सांगतात. मी डोकावलो. आत वेफर्सची पाकिटं आणि पाण्याची रिकामी बाटली होती. बरोबरच्या शेतकऱ्याने न बोलता हात घालून ती काढली आणि पाठपिशवीत टाकली.

वाडी मला ओळखू आली नाही. पत्र्याची, सिमेंटची घरं झाली होती. घोंगडीवाले बाबा गेले त्याला वीस वर्षं झाली. त्यांचा मुलगा, आता साठीचा, ओट्यावर हिरडा निवडत बसला होता. मी कोण ते सांगितलं. त्याला ती रात्र आठवत होती. कंदील धरायला तोही आला होता म्हणाला. मी पिशवीतून घोंगडी काढली. त्याने ती उलगडली, एका कोपऱ्यातली ठिगळाची शिवण बोटाने चाचपली आणि म्हणाला, ‘‘बाचीच हाय.’’

मग तो हसायला लागला. मला कळेना. म्हणाला, ‘‘त्या साली थंडी लई. बा चुलीपाशी निजायचा. आई इचारायची, घोंगडी कुठंय? तर म्हनायचा, बँकंत ठिवलीय.’’

सगळे हसले. मीही हसलो. पण खाली पाहिल्याशिवाय मला राहवलं नाही. ज्या जानेवारीत मी जुन्नरात दोन रजया घेऊन झोपत होतो, त्या जानेवारीत तो म्हातारा राखेच्या उबेला पडला होता. डोंगरात घोंगडी म्हणजे अंथरूण, पांघरूण आणि पावसाळ्यातली खोळ. एका कुटुंबाची ती ठेव होती आणि मी ती बुडवली होती.

‘‘सायेब, याज काय देनार मग?’’ त्याने डोळे मिचकावून विचारलं. मी गंभीरपणे म्हणालो, तुम्ही सांगाल ते. त्याने मान हलवली आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे, ज्याने रांजणातली बाटली काढली होती त्याच्याकडे, बोट केलं. ‘‘ह्यो माझा धाकटा. रातीबेराती डोंगरात जातो. काळजी वाटती. तुमच्याकडची मानसं येत्यात, त्यांना सांगा, उजेडी उतरा. माझं पोरगं घरात निजंल.’’

यापेक्षा कमी व्याजदर मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. त्या गटाला एका नव्या दोराची गरज होती. तो मी आणि आमचा कॅशियर मिळून देणार आहोत. कॅशियर आता सत्तरीत आहे, दोन्ही पायांनी ठणठणीत चालतो. पण हे व्याजात धरायचं नाही, असं आम्ही ठरवलं आहे.

डिसेंबरातल्या त्या रविवारी सोसायटीची सहा कुटुंबं जीवधनला गेली. बरोबर वाडीतला वाटाड्या होता, म्हणजे तोच धाकटा. मी घरी दुपारपासून घड्याळाकडे पाहत होतो. सौ. मला दोनदा म्हणाली, अहो, टीव्ही लावा. साडेपाचला फोन वाजला. नात बोलत होती. मागे चहाच्या कपांचा आवाज होता.

‘‘आजोबा, आम्ही सव्वातीनलाच गड सोडला. सगळ्यांना अजून थांबायचं होतं, मीच मागे लागले. आणि खाली एक दादा वही घेऊन बसलेत. त्यांनी आमच्या नावापुढे खूण केली.’’

‘‘सगळ्यांच्या?’’

‘‘हो. बावीसच्या बावीस.’’

‘‘मग आता त्या दादांना घरी जाऊ दे म्हणावं,’’ मी म्हणालो.

‘‘ते नाही जात,’’ नात म्हणाली, ‘‘अजून एक ग्रुप वर आहे.’’